आधी हुकाचं भोक बघा, मग रंग

गुढीपाडवा जवळ आला की आमच्या बेळगावजवळच्या उचगाव-बेकिनकेरे पट्ट्यात जुने ट्रॅक्टर विकायला निघतात. नवीन घेणारा मुहूर्तावर नवीन आणतो आणि जुना विकायला काढतो. त्याच सुमारास चिकोडी, रायबाग, अथणीकडचा उसाचा हंगाम आटपत येतो. मग कारखान्यावर चार-पाच महिने राबलेली मशिनंही रंग मारून, सीटवर नवं कव्हर घालून दारात उभी राहतात. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. मी आजवर तीन जुने ट्रॅक्टर घेतले. पहिल्यात फसलो, दुसरा बरा निघाला, तिसरा अजून चालतोय.

विकणारा सांगणार, "घरचंच काम केलंय ओ, भाड्यानं कधी दिलाच नाही." मान डोलवायची आणि ट्रॅक्टरच्या मागं जाऊन उकिडवं बसायचं. ट्रॉलीची पिन जाते ते हुकाचं भोक बघायचं. गोल असेल तर बरं. लांबट, अंड्यासारखं झालं असेल, किंवा वेल्डिंगनं भरून परत पाडलेलं असेल, तर त्यानं भरपूर ट्रॉल्या ओढल्यात. ऊस ओढला म्हणून ट्रॅक्टर वाईट होत नाही. पण ४० एचपीच्या मशिनीमागं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, त्यात चढ आणि ड्रायव्हरचा पाय अर्ध्या क्लचवर, असं झालं की क्लच प्लेट, ब्रेक आणि क्राउन-पिनियन (मागच्या चाकांना ताकद देणारे गिअर) घासतातच. ते मनात धरून भाव करायचा. मागचे टायरही तेच सांगतात: डांबरावर पळालेल्या टायरच्या गोट्या (रबराचे उंचवटे) मधून झिजतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. मालक "दोन वर्सांपूर्वी घातलेत" म्हणाला तर हे आकडे मोठ्यानं वाचून दाखवा.

तासांच्या मीटरवर मी विश्वास ठेवत नाही. केबल काढून ठेवता येते, मीटर बदलताही येतो. मीटर १८०० तास दाखवतोय आणि क्लचच्या पायपट्टीचं रबर जाऊन लोखंड आरशासारखं चमकतंय, तर पायपट्टी खरी.

आता आमच्या भाताच्या भागातलं दुखणं. चिखलणीत मागची चाकं तासन् तास चिखलपाण्यात बुडालेली असतात. एक्सलचं सील गेलं असेल तर पाणी आत शिरतं आणि मागच्या ऑइलात मिसळतं. बऱ्याच मशिनींत गिअर आणि अवजार उचलणारी लिफ्ट दोन्ही त्याच ऑइलावर चालतात. माझा पहिला ट्रॅक्टर मे महिन्यात घेतलेला, सव्वातीन लाखांना, एका एजंटाकडून. जुलैत चिखलात घातला आणि दुसऱ्याच दिवशी लिफ्ट झटके मारू लागली, मग उचलायचीच बंद झाली. मिस्त्रीनं खालचा बोल्ट काढला तर बाहेर आलं ते दूध जास्त झालेल्या चहासारखं. बेअरिंगं गंजलेली. ३८ हजार गेले ते गेले, भाताची रोपं तरव्यात (रोपवाटिकेत) वाढत बसली आणि भावकीतल्या ट्रॅक्टरची वाट बघत मी बांधावर.

तेव्हापासून एक वाटी सोबत नेतो. ट्रॅक्टर रात्रभर जागेवर उभा राहू द्यायचा. सकाळी चालू करायच्या आधी मागच्या ऑइलाचा खालचा बोल्ट पान्यानं हळूच सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही, आणि स्टीलची वाटी खाली धरायची. पाणी ऑइलापेक्षा जड, रात्रीत तळाला बसतं, म्हणून आधी तेच ठिबकतं. चमचा-दोन चमचे पाणी आलं आणि मागनं स्वच्छ ऑइल आलं तर सील आणि ऑइल बदलायचा खर्च धरून बोला. सगळंच दुधाळ आलं तर बोल्ट आवळा आणि चहा पिऊन घरी या. मालकानं बोल्टाला हातच लावू दिला नाही, तरी उत्तर मिळालं समजा.

सकाळी जायचं कारण इंजिनही आहे. गेल्या गेल्या बोनेट उघडून इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर तुमच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड असताना सुरू व्हायला त्रास देतंय. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढा (गरम असताना कधीच नको, तोंड भाजेल). पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्या. मग चालू करा. सुरुवातीला थोडा धूर चालतो. निळा धूर थांबतच नसेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर आधी एअर फिल्टर बघा, नाहीतर डिझेलचे नोझल-पंप. ऑइल भरायचं झाकण काढून बघा, तिथनं भकाभका धूर येत असेल तर बोअर-पिस्टन गेलंय. त्याला मिस्त्री लोक 'ब्रीदर मारतंय' म्हणतात.

नांगर जोडून वीसेक मिनिटं रानात चालवल्याशिवाय सौदा नको. गरम झाल्यावर आयडलला (रेस न देता) ऑइलचा दिवा लागतो का, गिअर निसटतो का ते बघा. नांगर वर उचलून इंजिन बंद करा. दहा मिनिटांत तो भुईला टेकला तर लिफ्ट आतनं गळतेय. पुढची चाकं जॅकवर उचलून वर-खाली हलवा, किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ) आणि बेअरिंग ढिलं आहे का ते कळतं. बॅटरी, लाइट, सेल्फ किरकोळ.

कागदाला मात्र आमच्या सीमाभागात जास्त जपावं लागतं. कोल्हापूरकडचा एमएच-०९ ट्रॅक्टर चंदगडमार्गे सहज दारात येतो, पण त्याचा केए-२२ (बेळगावचा नंबर) व्हायला कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो, सोबत विक्रीचे २९ आणि ३०. कायद्यानं १२ महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवलेली गाडी तिथं नोंदवावीच लागते. आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि एकेक आकडा आरसीशी जुळवा. करारपत्र कन्नडात असेल आणि वाचता येत नसेल तर आपल्या माणसाकडून वाचून घेऊन मगच सही. त्यात ताबा दिल्याची तारीख आणि वेळ दोन्ही घाला.

ट्रॉली सोबत मिळत असेल तर तिचं आरसी वेगळं असतं. ते मागायचं माझ्याकडून राहिलं. ती ट्रॉली आता गोठ्यामागं उभी आहे, पिंजर (भाताचा पेंढा) ठेवायला.