जुन्या गुच्छदाणीत अबोलीची फाती कशी बसवावी

एकोणिसाव्या शतकात युरोपातील स्त्रिया नाचाच्या समारंभाला जाताना फुलांचा लहानसा गुच्छ धातूच्या दाणीत खोचून हाती धरीत. शिंगाच्या आकाराचा जाळीदार पेला, त्याखाली शिंपल्याची किंवा हस्तिदंताची मूठ, गुच्छ अडकवण्यासाठी साखळीला बांधलेली टाचणी आणि दुसऱ्या साखळीला एक कडी, असे तिचे साधारण रूप असे. कडी बोटात घातली की नाचतानाही दाणी हातातून निसटत नसे. काही दाण्यांची मूठ कळ दाबताच तीन पायांत उलगडते आणि ती मेजावर उभी राहते. आपल्या घरातील अत्तरदाणी-गुलाबदाणीच्या पंक्तीत शोभणारी ही वस्तू कपाटात पडून राहू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दाणी हाती आल्यावर आधी तिची पाहणी करावी. इंग्लिश चांदीवर चालत्या सिंहाचा ठसा असल्यास ती हजारी ९२५ शुद्धतेची समजावी. सोबत जहाजाच्या नांगराचा ठसा असल्यास तिची तपासणी बर्मिंगहॅमला झालेली असते. स्वच्छतेसाठी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. पितळेची समई घासतो त्याच सवयीने मी माझी पहिली दाणी चिंचेने घासली आणि पेल्याच्या कडेवरचा सोन्याचा मुलामा कायमचा गेला. शिंपल्याच्या मुठीला तर आंबट पदार्थ मुळीच लावू नये, कारण त्याने तिची चकाकी मरते. हस्तिदंती मूठ पाण्यात बुडवू नये, ओलसर कापडाने हलकेच पुसावी.

खरी अडचण फुलांची आहे. ही दाणी लांब देठाच्या फुलांसाठी घडवलेली, तर गोव्यात आपण माळतो ती अबोली, जाई आणि सुरंगी ही सारी देठाने आखूड फुले. अबोलीला तर देठाच्या जागी बारीक नळीच असते, त्यामुळे सुटी फुले पेल्यात खोचली की जाळीतून गळून पडतात. म्हणून अबोलीची फाती, म्हणजे अंबाड्यावर माळण्यासाठी विणलेली फुलांची माळ, दीड हात लांबीची बाजारातून घ्यावी. मरव्याच्या किंवा तुळशीच्या सात-आठ काड्या वीतभर लांबीच्या कापून केळीच्या सोपटाच्या ओल्या धाग्याने घट्ट बांधाव्यात आणि या गाभ्याच्या वरच्या टोकापासून खाली फाती गोल गोल गुंडाळत यावे, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला टेकलेला असावा. शेवटचे टोक धाग्याने आवळून टाकावे. गाभ्याच्या तळाशी ओल्या कापसाचा बोळा ठेवून वर केळीच्या पानाचा तुकडा बांधला की पाणी धातूला लागत नाही. आता गुच्छ पेल्यात बसवून टाचणी सोपटाच्या बांधणीतून आरपार न्यावी. फुलातून नेली तर पहिल्याच झटक्याला फूल तुटते.

अबोलीला वास नाही, पण ती टिकते, म्हणून बाहेरची फाती तिचीच ठेवावी आणि मधोमध जाईच्या कळ्यांचा छोटा गजरा बसवावा. जाई संध्याकाळी उमलते. पाच वाजता कळ्या बसवल्या तर समारंभाच्या वेळी सुगंध दरवळतो. उन्हाळ्याच्या तोंडाला सुरंगी मिळाली तर जाईचा हट्ट धरू नये, कारण सुरंगी सुकल्यावरही तिचा वास जात नाही. गुच्छ मात्र पेल्याच्या तोंडाहून दोन बोटे बाहेर येईल एवढाच असावा. त्याहून मोठा केला की दाणी झुकते आणि मनगट दुखू लागते.

त्याच रात्री फुले काढावीत, पेला कोरड्या सुती कापडाने पुसावा आणि जाळीच्या खाचांत पाणी राहिले नाही ना, हे उजेडात धरून पाहावे. गोव्याच्या दमट हवेत चांदी लवकर काळवंडते. त्यामुळे दाणी मलमलीत गुंडाळून डब्यात ठेवावी आणि तिच्याजवळ रबर कधीही ठेवू नये, कारण त्यातील गंधकाने काळेपणा आणखी वाढतो.