वर्षाची बेरीज जुळली म्हणून फसू नका

प्रादेशिक ऊर्जा नियोजनात उतरताय, तर मागणी, क्षमता, उत्सर्जन गुणांक (एका युनिटमागे किती कार्बन) हे तुम्हाला येतंच. मी ते सांगत बसत नाही. माझं एक वर्ष जिथे गेलं, तेवढंच सांगतो.

प्रबंधासाठी मी यवतमाळ जिल्ह्यातला आमच्याच भागातला शेतीचा फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून शेतांना वीज देणारी लाईन, घेतला होता. 3 एचपीच्या 100 मोटरी, रोज 8 तास, म्हणजे सुमारे 1,790 युनिट. 1 किलोवॉट सौर पॅनेल दिवसाला सरासरी 4 युनिट देतं, म्हणून 450 किलोवॉट बसवले की 1,800 युनिट. वर्षाच्या बेरजेत कार्बन शून्य! मांडणीत घातलेली कार्बनची मर्यादा पाळली गेली, मी खूश.

सुट्टीत घरी बाबांना तक्ता दाखवला. हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस, लाईनची पाळी रातची. बाबा म्हणाले, "मोटर त रातच्यानं चालते. तुह्या कागदात रात कुठी हाये?"

नव्हतीच. रात्रीचे ते 1,790 युनिट कोळशाचे. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण 1 किलो कार्बन डायऑक्साइड धरा, एका रात्रीत पावणेदोन टनांच्या वर गेला. दिवसाची जास्तीची वीज ग्रीडला देऊन फेड होईल, असं मलाही वाटलं होतं. पण कोळशावर चालणारा औष्णिक संच दुपारी बंद करून संध्याकाळी लगेच पेटवता येत नाही. तो क्षमतेच्या साधारण 55 टक्क्यांपर्यंतच खाली आणतात. तेवढा कोळसा भर उन्हातही जळतोच.

म्हणून तासागणिक मांडा. वर्षाचे तास 8,760, तेवढ्या ओळी. जड जातं, पण जमतं, मलाही जमलं. पाळी दिवसा आणल्याबरोबर माझ्या मांडणीत एकही पॅनेल न वाढवता उत्सर्जन उतरलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यावर भर देते, त्याचं मोल मला तेव्हा कळलं. पावसाळ्यातले ढगाळ आठवडे मात्र वेगळे मांडून बघा.

कुणाची तयार एक्सेल फाईल घेऊ नका. माझी सुरुवात तिथूनच बिघडली. गाईडने सबस्टेशन पाहिलेलं नसेल तर तुम्ही जा, ऑपरेटरला काका म्हणून चहा पाजा आणि परवानगीने लॉगशीट उतरवून घ्या. तासातासाचं लोडिंग, म्हणजे लाईनवरचा भार, तिथे हाताने लिहिलेलं असतं. माझ्या मांडणीतली रात्र त्याच पानांवरून भरली.