मसाल्याची गरम वाइन: उकळी येऊ द्यायची नाही

ठाण्यात थंडी पडते ती मोजून तीन-चार आठवडे. येऊरच्या डोंगराकडून रात्री वारा सुटतो, गच्चीवर शाल लागते आणि सगळ्यांना एकदम ती गरम वाइन आठवते. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर डिसेंबरअखेरीला ती मी करते, याला आता बारा वर्षं झाली. कधी दोन बाटल्यांची, कधी आठ. दरवर्षी कुणीतरी मोबाइलवर एखादी कृती घेऊन येतं आणि त्यात हमखास लिहिलेलं असतं: वाइन, फळं, मसाले सगळं पातेल्यात घाला, एक उकळी आणा, मग अर्धा तास मंद आचेवर ठेवा. असं अजिबात करू नका. त्या एका उकळीपायी चांगल्या वाइनचा काढा होतो. पहिला काढा माझ्याच पातेल्यात झाला होता.

जर्मनीत हिला ग्लूवाइन म्हणतात आणि नाताळच्या बाजारात ती उभ्याउभ्या पितात. स्वीडनमध्ये हाच प्रकार मनुका आणि सोललेले बदाम घालून देतात. आपल्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. ठाणे-वसई पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या, घरांत लग्नकार्याला खिमाड करतात, तेही दारूत दालचिनी, लवंग, वेलची आणि साखर घालून गरमच पितात. युरोपातल्या वाइनला शेकडो वर्षं चव देणारी मिरी तर मलबारहूनच जात होती. त्यामुळे मसाल्यांचा हात आपल्याला आहेच, फक्त वाइनशी कसं वागायचं ते शिकावं लागतं.

खालचं प्रमाण दोन बाटल्यांचं, म्हणजे दीड लिटर वाइनचं आहे. कटिंग चहाचे सोळा-सतरा ग्लास होतात. वाइन तांबडी, साधी, कोरडी घ्या. नाशिकची शिराझ किंवा झिनफँडेल उत्तम. महागडी, लाकडी पिंपात मुरवलेली बाटली यात वाया जाते आणि पिंपाचा कडसरपणा गरम झाल्यावर जास्तच जाणवतो. कॅबर्ने सोविन्यो मी घेत नाही, ती तापली की जीभ आवळते. पोर्ट नावाने मिळणारी गोड वाइनच हाताशी असेल तर तीही चालेल, पण मग साखर जवळजवळ सगळी कमी करा. महाराष्ट्रात वाइन विकत घ्यायला आणि प्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही लागतो, एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो.

बाकी सामान असं: साखर १२० ग्रॅम, पाणी एक मोठा कप, दालचिनीचे बोटभर लांबीचे दोन तुकडे, सहा लवंगा, दोन चक्रीफुलं, चार वेलदोडे जरासे ठेचून, पाच-सहा काळे मिरे, आल्याच्या तीन पातळ चकत्या, दोन संत्री, एक घट्ट सफरचंद.

लवंगा सहाच. हौसेने पंधरा-वीस घालणारे लोक मला माहीत आहेत. दाढदुखीवर आपण लवंग का धरतो ते आठवा. तिच्या तेलाने जीभ बधिर होते आणि मग बाकीचं काहीच लागत नाही. मसाले अख्खेच हवेत. चहा मसाला किंवा गरम मसाल्याची पूड घातली की तळाशी गाळ बसतो, प्रत्येक घोट खरखरीत लागतो आणि ती पूड फडक्यातूनही धड गाळली जात नाही. जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या मसाला मार्केटात मिळणारी जाड सालीची दालचिनी तिखट असते, तिचे दोन तुकडे पुरतात. कोकणातली पातळ, कागदासारखी गुंडाळलेली असेल तर तीन घ्या.

गूळ घालायचा सल्ला सारखा ऐकू येतो. माझ्या मते तो चुकीचा आहे. गुळाला स्वतःचा खारट-खमंग वास असतो आणि तो द्राक्षाच्या वासावर बसतो, शिवाय वाइन गढूळ होते. साधी साखर किंवा खडीसाखर घ्या.

भांडं जाड बुडाचं स्टीलचं. जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं किंवा बिनकल्हईचं पितळ वापरू नका, वाइन आंबट असते, धातू खाते आणि चवीला धातूच लागतो.

पहिली पायरी: मसाल्याचा पाक

एका संत्र्याची साल सोलाण्याने फक्त वरवर, केशरी भागापुरती काढा. पांढरा भाग आला तर सुरीने खरवडून टाका, सगळा कडूपणा तिथे असतो. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, सोलाणं नीट चालत नाही. अशा वेळी आधी साल सोलून घ्या, पालथी करून पाटावर ठेवा आणि आतला पांढरा थर चमच्याने काढा. ही साल, साखर आणि सगळे मसाले कपभर पाण्यात घालून बारीक आचेवर बारा-पंधरा मिनिटं उकळा. पाणी निम्मं झालं की गाळा. उकळायचं ते इथेच, मनसोक्त. हा पाक आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवला तरी चालतो, मी तसंच करते.

दुसरी पायरी: वाइन तापवणं

इथे थांबून नीट वाचा. सगळी गोम या पायरीत आहे.

२०१३च्या डिसेंबरात मी पहिल्यांदा ही वाइन केली तेव्हा चार बाटल्या, दोन संत्र्यांच्या सालीसकट चकत्या आणि मूठभर लवंगा एकाच पातेल्यात घातल्या आणि चहाला आणतो तशी खळखळून उकळी आणली. घरभर सुंदर वास सुटला. मला वाटलं, जमलं. तो वास म्हणजे वाइनमधलं सगळं चांगलं खिडकीतून बाहेर चाललं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. गच्चीवर वीस माणसांनी एकेक घोट घेतला आणि ग्लास कठड्यावर ठेवले. कुणी काही बोललं नाही. चार बाटल्या मी मोरीत ओतल्या, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा नेमकं काय बिघडलं ते पुढच्या दोन हिवाळ्यांत उमगलं. शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांना उकळतो. वाइनमध्ये पाणीच जास्त, त्यामुळे ती नव्वदीच्या आसपास उकळते, पण अल्कोहोल आणि फळाचे नाजूक वास त्याच्या बरेच आधीपासून वाफेबरोबर निघून जायला लागतात. उरतं काय, तर आंबटपणा, तुरटपणा आणि शिजलेल्या जॅमचा वास. त्यात संत्र्याची साल, बिया आणि पांढरा भाग उकळत राहिला की कडवटपणा उतरतो. एकदा उतरलेला कडूपणा साखरेने जात नाही. साखर घालत गेलं की फक्त गोड काढा होतो.

म्हणून नियम एकच: वाइन ७० अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही. थर्मामीटर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर असं पाहा. पातेल्याच्या कडेला आणि बुडाला मोहरीएवढे बुडबुडे चिकटायला लागतात, पण वर येत नाहीत. वाइनचा पृष्ठभाग शांत असतो आणि त्यावरून पातळ वाफ निघते, दुधावर साय धरायच्या बेताला निघते तशी. हीच खूण. बुडबुडा सुटून वर आला की पातेलं ताबडतोब खाली उतरवा. गॅस बारीक करून भागत नाही, बूड तापलेलं असतं आणि वाइन तापतच राहते.

आपल्या गॅसचा सर्वांत लहान बर्नरसुद्धा या कामाला मोठा पडतो. माझा उपाय सोपा आहे: बर्नरवर पोळ्यांचा जाड तवा ठेवायचा आणि तव्यावर पातेलं, बिर्याणीला दम देतो तसं. वाइन आणि गाळलेला पाक एकत्र करून असं ठेवलं की दीड लिटरला वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ तिथेच उभं राहा. कांदा चिरायला वळू नका, दार उघडायला जाऊ नका, फोन घेऊ नका. माझी दुसऱ्या वर्षीची वाइन एका फोनपायी गेली. इंडक्शनवर करणाऱ्यांनी जास्त जपावं. बऱ्याच शेगड्या कमी आचेवर सलग मंद तापत नाहीत, थोडा वेळ पूर्ण जोराने तापतात आणि थोडा वेळ बंद राहतात, त्यामुळे मध्यभागी वाइन उकळते आणि कडेला कोमट असते. तिथे सतत ढवळत राहावं लागतं.

झाकण लावू नका, आत काय चाललंय ते दिसलंच पाहिजे. पातेल्यावर वाकूही नका. तापलेल्या वाइनची वाफ पेट घेऊ शकते. कुणाला वरून ब्रँडी घालायची असेल तर आधी गॅस बंद करा, पातेलं ओट्याच्या दुसऱ्या टोकाला न्या आणि मगच घाला. पेटत्या गॅसजवळ ब्रँडीची बाटली उघडणारा माणूस मी स्वयंपाकघरातून बाहेर काढते, मग तो कोणीही असो.

आणि तरीही उकळी आलीच तर? पातेलं उतरवा, फळं आणि साली झाऱ्याने लगेच बाहेर काढा, आणि तिसरी बाटली असेल तर तिची निम्मी वाइन गारच त्यात ओता. पहिल्यासारखी होत नाही, पण पिण्याजोगी होते.

तिसरी पायरी: फळं

सफरचंदाच्या साल न काढता पातळ फोडी करा आणि वाइन तापत आली की शेवटच्या दहा मिनिटांसाठी घाला. घट्ट सफरचंदच हवं, भुसभुशीत विरघळतं.

संत्र्याचा रस गॅस बंद केल्यावर, बिया गाळून घाला. डिसेंबर-जानेवारीत बाजार किन्नोने भरलेला असतो. किन्नो रसाळ असतो, पण त्याचा रस तापवला की थोड्या वेळाने कडू पडतो, पिळल्या पिळल्या गोड लागला तरी. नागपुरी संत्र्याचं तेच, जरा कमी. एवढं एक पाळलं तरी निम्म्या तक्रारी संपतील. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पातेल्यात घालू नका, रंग सोडून पांढरी पडते. ती चिरून ग्लासात ठेवा आणि वरून वाइन ओता. डाळिंबाचे दाणेही तसेच. तासगावच्या काळ्या मनुका मात्र आधीपासून पाकात फुगवल्या तर फार छान लागतात, आमच्याकडे मुद्दाम चमचे ठेवावे लागतात त्यांच्यासाठी.

चौथी पायरी: गरम ठेवणं

गॅसवर ठेवून देऊ नका. चहाचा मोठा थर्मास गरम पाण्याने विसळून त्यात गाळून भरा, दोन तास सहज राहते. थर्मासला चहाचा वास नको, आदल्या रात्री खायचा सोडा घातलेलं गरम पाणी भरून ठेवलं की तो जातो. थर्मास नसेल तर मोठ्या पातेल्यात गरम पाणी घेऊन त्यात वाइनचं पातेलं बसवा.

पाचवी पायरी: वाढणं

कटिंगच्या जाड ग्लासात, पाऊण भरून. पातळ वाइन ग्लास तडकतात. गरम आणि गोड असल्यामुळे ही वाइन पटापट पोटात जाते आणि न उकळल्यामुळे तिच्यातला अल्कोहोल जवळजवळ सगळा तसाच असतो. गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे, दोन-तीन ग्लासांत ती ओलांडली जाऊ शकते. गाडी घेऊन आलेल्यांना मी आधीच विचारते आणि त्यांच्या हातात दुसरा ग्लास देते.

तो दुसरा ग्लास म्हणजे न पिणाऱ्यांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि मुलांसाठी केलेला प्रकार. आठ-दहा आमसुलं कपभर गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करून गाळा, त्यात एक लिटर काळ्या द्राक्षांचा रस, वरचाच मसाल्याचा पाक साखर अर्धी करून आणि चिमूटभर मीठ घाला. आमसुलाने वाइनसारखा आंबट-तुरटपणा येतो आणि रंगही तसाच गडद. हे बिनधास्त उकळा. भांडं आणि डाव वेगळा ठेवा, आणि ग्लासही वेगळ्या आकाराचे घ्या. अंधाऱ्या गच्चीवर दोन्ही सारखेच दिसतात, मुलांच्या हाती चुकीचा ग्लास जायला नको.

आठ बाटल्या करायच्या असतील तर मसाले चौपट करू नका, तिप्पट पुरतात. साखरही आधी तिप्पटच घाला, चाखा, मग वाढवा.

उरलेली वाइन गाळून बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा, पुन्हा तव्यावरच तापवून. सफरचंदाच्या फोडी टाकू नका. दुसऱ्या दिवशी चमचाभर तुपावर त्या दोन मिनिटं परता आणि व्हॅनिला आइस्क्रीमबरोबर खा.