मारकुटं मूल: काळजी कधी करायची आणि कशी तपासायची

दोन वर्षांचं मूल शेजारच्या बाळाला चावलं म्हणून त्याच्या पुढच्या आयुष्याचा अंदाज बांधू नये. मारणं, ढकलणं, हिसकावणं हे सगळ्यात जास्त दीड ते चार या वयातच दिसतं. कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेंबले यांनी हजारो मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. मारामारी मूल बाहेरून शिकून येतं असं आपण समजतो, पण त्यांना उलटं चित्र दिसलं: मारणं मुळातच असतं, मूल शिकतं ते हात आवरायला. बोलायला, थांबायला, मागून घ्यायला जमलं की मारामारी कमी होते. त्यामुळे पहिला प्रश्न असा: पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत ती कमी होत आली का? सात-आठ वर्षांचं मूल अजूनही आठवड्यातून बऱ्याचदा कुणाला तरी दुखवत असेल, तर पुढचं वाचा.

आधी एक जुना गैरसमज बाजूला सारू. अंथरूण ओलं करणं, आगी लावणं आणि प्राण्यांना छळणं ही तीन लक्षणं एकत्र दिसली की मूल पुढे खुनी होतं, असं अजूनही ठासून सांगितलं जातं. याचं मूळ १९६३ सालच्या एका लेखात आहे. मॅकडोनाल्ड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या डेन्व्हरमधल्या १०० रुग्णांबद्दल तो लिहिला होता. त्या रुग्णांनी जीवे मारण्याची धमकी दिली होती, खून नव्हे. पुढे खुद्द मॅकडोनाल्डनाच या त्रयीला ठोस आधार सापडला नाही. अंथरूण ओलं करणं तर यादीतून काढूनच टाका. पाच वर्षांच्या शंभर मुलांतली पंधराएक मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. तो बालरोगतज्ज्ञांचा विषय आहे, स्वभावाचा नाही.

बाकीच्या दोन गोष्टी मात्र नीट पाहाव्या लागतात. काडेपेटीचं कुतूहल बहुतेक मुलांना असतं. देवघरातली काडेपेटी घेऊन गच्चीवर कागद पेटवणारं आणि पकडलं गेल्यावर घाबरणारं मूल वेगळं. राग आला म्हणून कुणाचं तरी दप्तर किंवा स्कूटरचं सीट पेटवणारं आणि त्यासाठी आधीपासून काडेपेटी लपवून ठेवणारं मूल वेगळं. प्राण्यांचंही तसंच. चार वर्षांचं मूल मांजराची शेपटी ओढतं, कारण मांजराला दुखतं हे त्याला अजून कळलेलं नसतं. दहा वर्षांचा मुलगा दिवाळीत कुत्र्याच्या शेपटीला फटाके बांधतो, कुत्रं केकाटत पळालं की दुसरं शोधतो, आणि हे तो एकट्यानं, कुणी बघत नसताना करतो, तेव्हा ती गंभीर खूण असते. अशा वेळी आणखी एक शक्यता आधी तपासा: या मुलाला कुणी मारतं आहे का? घरात आईला मारहाण होते का? प्राण्यांवर निघणारा राग बऱ्याचदा तिथून आलेला असतो.

डॉक्टर एका घटनेवरून ठरवत नाहीत. वर्तनविकाराच्या (कंडक्ट डिसऑर्डर, म्हणजे दुसऱ्यांना दुखवण्याची आणि नियम मोडण्याची सततची सवय) निदानासाठी १५ लक्षणांची यादी वापरतात. त्यात दमदाटी, स्वतःहून मारामारी उकरून काढणं, हत्यार वापरणं, माणसांना किंवा प्राण्यांना क्रूर वागणूक, लैंगिक जबरदस्ती, चोरी, मुद्दाम नासधूस, घरातून पळून जाणं, तेरा वर्षांच्या आतच शाळा बुडवू लागणं अशा गोष्टी येतात. गेल्या १२ महिन्यांत निदान तीन लक्षणं असावी लागतात आणि त्यातलं एक तरी गेल्या ६ महिन्यांतलं. सुरुवात दहाव्या वर्षाआधी झाली असेल तर जास्त गांभीर्यानं घेतात. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलेला फरक इथे उपयोगी पडतो: तेरा-चौदाव्या वर्षी टोळक्याच्या नादानं सुरू झालेली दांडगाई बहुतेकांची विशीत ओसरते, लहानपणापासून घरी-दारी सगळीकडे चालू असलेली जास्त चिवट असते. तरीही अशा मुलांतलीसुद्धा बरीचशी मोठेपणी हिंसक होत नाहीत. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण या कामात सोडून द्यावी.

दुसऱ्याला दुखवल्यावर मुलाला काही वाटतं का, हे पाहणं सगळ्यात अवघड. जबरदस्तीनं म्हणवून घेतलेल्या ‘सॉरी’वरून काही कळत नाही. पकडलं गेल्यावर कोरा चेहरा किंवा हसू दिसलं तर ती बऱ्याचदा भीती किंवा लाज असते. तासाभरानं, कुणी सांगितलेलं नसताना ते मूल ज्याला दुखवलं त्याच्या आसपास जातं का, काही देऊ करतं का, ते पाहा. आजी, बाई, मित्र अशा वेगवेगळ्या माणसांशी वर्षभर तेच थंडपण दिसलं, तरच त्याला अर्थ आहे.

आता कामाची गोष्ट. दोन आठवडे एक वही ठेवा. प्रत्येक घटनेला पाच गोष्टी लिहा: वेळ, आधी काय झालं, नेमकं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं, शांत व्हायला किती मिनिटं लागली.

‘मंगळवार, संध्या. ७:१०. मोबाइल काढून घेतला. बहिणीच्या पाठीत दोन बुक्क्या, रिमोट भिंतीवर. बाबांनी मोबाइल परत दिला. ५ मिनिटं.’

इथे मुलगा काय शिकला ते चौथ्या रकान्यात आहे. ‘खूप त्रास दिला’ असं लिहिलंत तर वही वाया गेली, कारण त्यातून काहीच कळत नाही. शाळेतल्या बाईंनाही तेच पाच रकाने भरायला सांगा. फक्त शाळेतच होत असेल तर वाचन-लेखनातली अडचण किंवा तिथे त्याला कुणी छळतं का, हे आधी बघा. ऐकू कमी येणं, बोलणं उशिरा येणं, घोरण्यामुळे झोप न होणं, अतिचंचलता यांनीही मूल चिडकं होतं. म्हणून पहिली भेट बालरोगतज्ज्ञांची आणि कानांची तपासणी लगेच.

मोबाइल न देण्याचं ठरवलंत की पहिले काही दिवस आदळआपट वाढते. बहुतेक घरं तिथेच हार मानतात आणि मग पुढच्या वेळी मूल त्याच जास्त जोरापासून सुरुवात करतं. मारून तर काहीच साधत नाही, शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारायला बंदीच आहे. ‘सरळ करण्यासाठी’ अशाच मुलांनी भरलेल्या वसतिगृहात ठेवणं आणखी वाईट, ती एकमेकांना शाबासकी देऊन तेच वागणं पक्कं करतात.

काही गोष्टींत वहीची वाट पाहायची नाही. कुणाचं नाव, जागा आणि साधन ठरवून दिलेली धमकी, दप्तरात सापडलेला चाकू, स्वतःला इजा, लहान मुलावर लैंगिक जबरदस्ती. मुलाला एकटं ठेवू नका, धारदार वस्तू, औषधं, कीटकनाशकं कुलपात टाका, आणि ‘तू हे खरंच करणार होतास का, कधी, कशानं?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं कल्पना डोक्यात भरत नाही. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, जिवाला धोका असेल तर ११२. लैंगिक जबरदस्तीची खबर पोलिसांना देणं पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे, ‘घरातलं घरात’ चालत नाही.

बाकीच्या वेळी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा तिथलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं) गाठा. वही, शाळेची प्रगतिपुस्तकं आणि आधीच्या तपासण्यांचे कागद सोबत न्या. घरातली दारू, मारहाण याबद्दल विचारतील, तिथे लपवलं तर उपचार चुकीच्या जागी सुरू होतात. हे बोलणं मुलासमोर नको, वेगळी वेळ मागून घ्या. आणि मुलाला ‘फिरायला जाऊ’ म्हणून नेऊ नका. ‘राग आवरायला जमत नाहीये, त्यासाठी मदत करणाऱ्या डॉक्टरांकडे जातोय, आम्हालाही त्यांना काही विचारायचंय’ एवढं आदल्या दिवशी सांगा.