इंजिनने प्यादे का सोडले? पोझिशनल बळीचे विश्लेषण असे करा

बुद्धिबळात हल्ल्यासाठी दिलेला बळी, म्हणजे मुद्दाम सोडलेली सोंगटी, समजायला सोपा असतो. चार-सहा चालींत मात होते, नाहीतर दिलेले व्याजासकट परत मिळते. पोझिशनल बळीत, म्हणजे फक्त चांगल्या मांडणीसाठी दिलेल्या बळीत, असा हिशेब लगेच चुकता होत नाही. इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, प्यादे देते, पुढे निवांत खेळत राहते आणि बदल्यात काय मिळाले ते आपल्याला दिसत नाही. ते शोधायची एक पद्धत सांगतो, एका खऱ्या डावावर.

डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरो या इंजिनने स्टॉकफिश ८ या दुसऱ्या इंजिनविरुद्ध १०० डाव खेळून २८ जिंकले आणि ७२ बरोबरीत सोडवले. त्यातले १० डाव डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातला क्वीन्स इंडियन बचाव या सुरुवातीचा, पांढरा वजीर २६व्या चालीला थेट एच१ च्या कोपऱ्यात जातो, तो डाव घ्या. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या विश्लेषण पटावर तो मांडता येईल. शक्य असेल तर समोर लाकडी पटही ठेवा.

पहिली पायरी: बळीच्या चालीपाशी थांबा, इंजिन बंद ठेवा. दोन्ही राजांचे कॅसलिंग झाले आहे. सातव्या चालीला पांढरा डी५ खेळतो, काळा ई६ च्या प्याद्याने ते मारतो आणि पांढरा घोडा एच४ वर नेतो. हे का केले असेल, याचा तुमचा अंदाज दोन ओळींत लिहून काढा. इंजिन स्थिती कोणाकडे किती झुकली ते आकड्यात सांगते; तो आकडा आधी पाहिला की डोके विचार करणे सोडून देते, म्हणून ही पायरी गाळू नका.

दुसरी पायरी: मारामारी संपेपर्यंत जा आणि प्यादी मोजा. नवव्या चालीला काळा घोडा डी५ वर मारतो, तेव्हा पांढऱ्याची दोन प्यादी गेलेली असतात आणि काळ्याचे एक. म्हणजे बळी एकाच प्याद्याचा आहे.

तिसरी पायरी: हललेल्या प्रत्येक प्याद्याने मागे काय सोडले ते पाहा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. काळ्याचे ई६ चे प्यादे एफ५ घरावर पहारा देत होते. ते डी५ वर ओढले गेले आणि एफ५ मोकळे झाले. एच४ वरचा घोडा दहाव्या चालीला तिथेच जाऊन बसतो. पुढे पांढरा वजीर जी४ वर आला की जी७ वर मातीची धमकी उभी राहते आणि काळ्याला जी६ खेळून राजासमोरची भिंत स्वतःच सैल करावी लागते. दुसरीकडे, मिळालेले प्यादे राखायला काळ्याने सी६ खेळले आणि बी८ च्या घोड्याचे हक्काचे घर आपल्याच प्याद्याने अडवले.

आता सोळाव्या चालीनंतरचा पट पाहा. काळ्याचा उंट बी७ वरून सी८ वर परतला आहे. हत्ती ए८, घोडा बी८, उंट सी८, वजीर डी८: चौघेही डाव सुरू होताना होते तिथेच! काळा एका प्याद्याने पुढे आहे, पण अर्धी फौज घरातच आहे. बी८ चा घोडा पहिल्यांदा हलतो तो ३६व्या चालीला. ए८ चा हत्ती तर एकदाही न हलता ३९व्या चालीला मारला जातो. या डावातली प्याद्याची किंमत मला इथे दिसते.

चौथी पायरी: अंदाज तपासा. आता इंजिन सुरू करा. सोळाव्या चालीनंतरची स्थिती पट-संपादकात घ्या, काळ्याचा घोडा बी८ वरून उचलून डी७ वर ठेवा आणि दोन्ही स्थितींचे आकडे शेजारी लिहा. आकडा बराच हलला तर मोबदल्याचा मोठा वाटा त्या घोड्यात होता. फारसा हलला नाही तर घोडा परत जागेवर ठेवून दुसरे काही बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे काय झाले ते कळणार नाही.

पाचवी पायरी: एकाच ओळीवर, म्हणजे इंजिनने सुचवलेल्या पुढच्या चालींच्या एकाच मालिकेवर, विसंबू नका. इंजिनच्या तीन-चार ओळी एकदम दाखवा. त्या सगळ्यांत तोच घोडा अडकून पडत असेल तर तुमचे निदान पक्के. लिचेसवर ‘एक्स’ हे बटण दाबले की समोरच्याची धमकी दिसते. शांत वाटणाऱ्या चालींवर ते जरूर वापरा. हेही लक्षात असू द्या की स्टॉकफिश ८ मूल्यमापन माणसांनी लिहिलेल्या नियमांवर करायचा. २०२० च्या स्टॉकफिश १२ पासून त्यात न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य स्थितींवरून स्वतः शिकलेली प्रणाली, आले. त्यामुळे तुमच्याकडचा आकडा त्या वेळच्या आकड्यापेक्षा वेगळा येणारच.

शेवटी माणसाचा डाव लावा. डी५ आणि मग घोडा एच४, ही कल्पना अल्फाझीरोची नाही. ग्रँडमास्टर लेव्ह पोलुगायेव्हस्कीने १९८० साली ब्युनोस आयर्सला कँडिडेट्सच्या, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत ग्रँडमास्टर कोर्चनॉयविरुद्ध ती खेळली होती आणि डाव जिंकला होता. दोन्ही डाव शेजारी ठेवून कुठे वेगळे होतात ते पाहा. मग मित्राला समोर बसवा आणि नवव्या चालीपासून आधी पांढऱ्याकडून, नंतर काळ्याकडून खेळा. काळ्याकडून खेळताना एकच काम डोक्यात ठेवा: मिळालेले प्यादे परत देऊन तो घोडा बाहेर काढता येतो का.