पहिली बाराबोर घेताना : नव्या परवानाधारकासाठी

बाराबोर, म्हणजे छऱ्यांची काडतुसे झाडणारी बंदूक, पसंत करण्याआधी ती कशासाठी हवी हे ठरवावे, कारण परवान्याच्या अर्जातही हेच विचारले जाते. ठाणे, कल्याण, डोंबिवली किंवा भिवंडीत राहणाऱ्याने ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे, वाशी-बेलापूरपासून पनवेलपर्यंत राहणाऱ्याने नवी मुंबई आयुक्तालयाकडे आणि मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. शिकार हे कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता उरलेलेच नाही. राहतात ती पीकरक्षण, स्वसंरक्षण आणि मातीच्या तबकड्यांवरची नेमबाजी. पीकरक्षणाचा परवाना असला तरी रानडुकरावर गोळी झाडण्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. त्यामुळे पहिली बंदूक स्वस्तात मिळते म्हणून उचलली, तर निम्मी मुभा तिथेच संपते. माझ्या मते बेताचे बजेट असणाऱ्याने सुस्थितीतली, बिनघोड्याची (बाहेर घोडे न दिसणारी) जुनी दुनळी बाराबोर पाहावी. वडिलांच्या मागे मुलांना परवाना नको असतो, अशा घरांतून चांगल्या बंदुका विक्रेत्याकडे येत असतात. एकनळी याहून स्वस्त पडते, पण वजनाला हलकी असल्यामुळे तिचा धक्का खांद्याला जास्त जाणवतो आणि नवखा माणूस चाप दाबतानाच दचकू लागतो. पंप ॲक्शन, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायची बंदूक, दिसायला रुबाबदार असते. मात्र तिच्यात काडतूस उरले आहे की नाही हे, उघडलेल्या दुनळीसारखे, एका नजरेत कळत नाही.

जुनी बंदूक तपासताना घाई करू नये. प्रथम ती उघडून रिकामी असल्याची खात्री करावी, मग नळ्या काढून उजेडाकडे धराव्यात. आत दिसणारी प्रकाशाची वर्तुळे एकसारखी दिसली पाहिजेत. एखादे वर्तुळ चेपलेले दिसले तर तिथे नळीला पोचा आहे. गंजाचे खोल खड्डे असतील, किंवा नळीच्या बाहेरच्या बाजूस लाकडाच्या रेषांसारखी जुनी दमास्कस नक्षी (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळीची खूण) असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी ती बंदूक सोडून द्यावी, कारण आजच्या काडतुसांचा दाब त्या नळ्यांना झेपेलच असे नाही. त्यानंतर पुढचे लाकूड काढून बंदूक बंद करावी आणि दस्ता धरून हलवावी. सांध्यात खडखड जाणवली तर ती ढिली झाली आहे असे समजावे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या भागाच्या, लांबीकडे. ती नळ्यांच्या बुडाशी 65 किंवा 70 मिमी अशी, किंवा इंचांत कोरलेली असते. काडतुसावरची लांबी ही झाडल्यानंतर उघडलेल्या कवचाची असते, म्हणून 70 मिमीचे काडतूस 65 मिमीच्या चेंबरमध्ये विनासायास बसते आणि सारे ठीक असल्यासारखे वाटते. झाडताना मात्र कवचाचे तोंड उघडायला जागा अपुरी पडते व दाब धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसे घेतानाही खोक्यावरची लांबी वाचूनच घ्यावीत.

बंदूक अंगाला बसते का, हे तिच्या कोरीव कामापेक्षा महत्त्वाचे आहे. डोळे मिटून ती खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नजर नळीवरून सरळ जात असेल तर दस्ता आपल्या मापाचा आहे; मान वाकवावी लागत असेल तर त्या बंदुकीने तबकड्या चुकतच राहतील. चोकबद्दल, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या आवळपणाबद्दल, एवढेच, की स्कीट आणि ट्रॅप या तबकड्यांच्या नेमबाजीच्या दोन प्रकारांपैकी स्कीटला मोकळी नळी लागते आणि ट्रॅपला आवळलेली. दुनळीत बहुधा दोन नळ्यांचे चोक वेगवेगळे असतात.

खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच करावी. बंदुकीचा क्रमांक परवान्यावर अक्षरशः तसाच चढला आहे का, हे दुकानातच ताडून पाहावे. लोखंडी कपाटाचा खर्च बजेटमध्ये आधीच धरावा, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. खाडीलगतच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, कापडी किंवा चामडी खोळीत ठेवलेली नळी लवकर गंजते. म्हणून खोळ फक्त प्रवासापुरती वापरावी आणि हात लागलेला प्रत्येक भाग तेलाच्या फडक्याने पुसावा. निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्याने शस्त्र जमा करण्यास सांगितले, तर पावतीवर क्रमांकाबरोबर बंदुकीची स्थितीही लिहून घ्यावी आणि परत मिळताच नळ्या पुन्हा उजेडाकडे धरून पाहाव्यात.