चिखलात ग्रॅव्हल बाइक: चाक आणि टायर कोणत्या मापाचे?

पावसाळ्यात ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्यांसाठीची रुंद टायरची सायकल) घसरते त्याहून जास्त वेळा ती जागच्या जागी अडते. पाऊस उघडल्यावर, वापसा यायच्या आधी, पाणंदीतली काळी माती सर्वांत चिकट असते. टायरवर थरावर थर चढतात, चेनस्टेपाशी (मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या आडव्या नळ्या) आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणारा दुभंगा) माथ्याशी गच्च बसतात आणि चाक फिरेनासं होतं. म्हणून आधी मोकळी जागा मोजा, टायरची रुंदी नंतर ठरवा.

फ्रेमची कमाल मर्यादा ४५ मिमी असेल तर चिखलासाठी ३८ किंवा ४० चा टायर घ्या. बसवून हवा भरा आणि एक दिवस तसाच ठेवा. ट्यूबलेस टायर ताणून थोडा फुगतो. मग टायर आणि फ्रेममधून दोन्ही बाजूंनी ६ मिमीची ॲलन की सरकवून बघा. अडली तर तो टायर नकोच. काळ्या मातीत ८ ते १० मिमी जागा हवी. छापील मापावर विसंबू नका: आतून २१ ऐवजी २५ मिमी रुंद असलेल्या रिमवर तोच टायर दीडेक मिमी जास्त भरतो. मडगार्ड काढूनच ठेवा.

७०० सी की ६५० बी? ही चाकांची दोन मापं; रिमचा व्यास अनुक्रमे ६२२ आणि ५८४ मिमी. म्हणजे ६५० बीवर त्याच रुंदीचा टायर फोर्कच्या माथ्यापासून १९ मिमी दूर जातो. पण बॉटम ब्रॅकेटही (पेडलच्या दांड्या जिथे फिरतात तो मधला भाग) तेवढाच खाली येतो आणि खोल चाकोरीत पेडल कडेला आपटतं. त्यात कुणी ५० चा टायर चढवला की बाजूची जागा संपलीच. चिखलासाठी आमची पसंती ७०० × ४०.

टायरवरची बटणं (रबराचे उंचवटे) विरळ आणि उंच हवीत, कडेची विशेष ठसठशीत. दाट बटणांत माती भरली की टायर गुळगुळीत होतो. एकच टायर बदलायचा असेल तर पुढचा बदला. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत पाणी लवकर निचरतं, तिथे ४५ सुद्धा चालतो.

७० किलोच्या स्वाराला ४० च्या ट्यूबलेसमध्ये पुढे २६, मागे २९ पीएसआय दाबापासून सुरुवात करता येईल. ट्यूब असेल तर पाच-सहा जास्त, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते.

पेडल जड झालं तर जोर लावू नका. गवत-माती डिरेलरमध्ये (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) गुंतलेली असते आणि जोराने हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, तुटतो. उतरा, प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने चेनस्टे आणि फोर्क खरवडा. कार्बन फ्रेम असेल तर चेनस्टेच्या आतल्या बाजूला आधीच संरक्षक टेप लावा. चिखलातली रेती आधी रंग आणि मग कार्बनही घासून काढते.